फेनबानवर आईची सायकल : एका बंद रेल्वेमार्गाचा प्रकरण अभ्यास

आई ६३ वर्षांची. कारंजा लाडला शाळेत असताना आणि पुढे कॉलेजची दोन वर्षं ती रोज सायकलवर जायची. लग्न झालं, सायकल मामेभावाकडे गेली, आणि त्यानंतर चाळीस वर्षांत तिने पायडलवर पाय ठेवला नाही. मागच्या उन्हाळ्यात ती तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीतल्या आखेनला आली. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, की आजी आपल्याबरोबर सायकलने लक्झेंबर्गला येणार.

आठवड्याभराने मी शेजारणीची सायकल मागून आणली आणि आईला घरासमोरच्या रस्त्यावर बसवलं. तोल तिला पहिल्या दहा पावलांतच सापडला. शरीर विसरलेलं नव्हतं. पण दोनेकशे मीटर गेल्यावर मागून बस आली. बसवाल्याने हॉर्न दिला नाही, वेगही कमीच होता. तरी आई एकदम उतरली, सायकल फुटपाथवर चढवली आणि हँडल घट्ट धरून उभी राहिली. बस गेली, तिच्यामागच्या चार गाड्या गेल्या, तरी ती हलली नाही. "मले नाही जमत वं," ती म्हणाली. "तुमी दोघं जा. मी सैपाक करून ठेवतो."

त्यानंतर पाच आठवड्यांनी हीच बाई आखेनहून निघून पाच दिवसांत १२५ किलोमीटर सायकल चालवत लक्झेंबर्गमधल्या त्रुआव्हिएर्जला पोचली. वाटेत साडेपाचशे मीटर उंचीचा डोंगराळ पट्टा लागतो. पाय तेच, वय तेच, हिंमतही साधारण तेवढीच. मग बदललं काय? आणि त्या पाच दिवसांत एका संध्याकाळी सगळं मोडायला आलं होतं, ते नेमकं कुठे आणि का? या लेखात एवढंच तपासून पाहायचं आहे.

लोखंडासाठी बांधलेली वाट

आम्ही गेलो त्या वाटेचं नाव फेनबान. 'फेन' म्हणजे इथल्या डोंगरमाथ्यावरची दलदलीची माळरानं, 'बान' म्हणजे रेल्वे. आयफेल आणि आर्देन हे इथले डोंगर उंचीने फार नाहीत. बेल्जियमचं सर्वांत उंच ठिकाण याच भागात आहे, आणि ते अवघं ६९४ मीटर आहे. महाबळेश्वर याच्या जवळपास दुप्पट भरेल. पण डोंगर बुटके असले तरी सायकलवाल्याला दमवायला पुरतात, कारण सपाटी कुठेच नाही. ओढा लागला की उतार, ओढा ओलांडला की चढ.

इथे प्रशियाच्या सरकारने १८८०च्या दशकात रेल्वे टाकली. आखेनच्या भागात कोळसा होता, लक्झेंबर्गच्या बाजूला लोहखनिज होतं. कोळशापासून केलेला कोक खाली न्यायचा, खनिज वर आणायचं आणि आखेनच्या रोथे एर्डे भागातल्या पोलाद कारखान्यात वितळवायचं, असा तो हिशेब. आखेन ते मोन्शाउ हा टप्पा १८८५ मध्ये सुरू झाला, १८८९ पर्यंत रूळ लक्झेंबर्गला भिडले. रोथे एर्डे या नावाचा शब्दशः अर्थ 'लाल माती'. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती स्टेशनामागे खाली वाकून माती बघायला लागली. तिथे आता सगळं डांबर आहे.

पहिलं महायुद्ध संपलं, व्हर्सायचा तह झाला आणि १९२० मध्ये ऑयपेन-माल्मेडीचा मुलूख जर्मनीकडून बेल्जियमकडे गेला. रेल्वे मात्र कधी या देशातून, कधी त्या देशातून जात होती. मग रुळांची पट्टी आणि तिच्यावरची स्टेशनं बेल्जियमला देण्यात आली, पट्टीच्या दोन्ही बाजूंना जर्मनी असली तरीसुद्धा. त्यामुळे पट्टीच्या पश्चिमेला उरलेले जर्मनीचे तुकडे मुख्य देशापासून तुटले. असे पाच तुकडे आजही आहेत. त्यांतला र्‍युकश्लाग नावाचा तुकडा म्हणजे एक घर आणि त्याभोवतीची जमीन, सगळं मिळून दोन हेक्टरसुद्धा नाही. रूळ उखडल्यावर ही पट्टी परत जर्मनीला मिळणार का, असा प्रश्न निघाला होता. पण जमीन बेल्जियमचीच राहील, असं ठरलं. आपण जर्मन गावातून जातो, डावीकडे जर्मन परसबाग, उजवीकडे जर्मन परसबाग, आणि चाकाखालची तीन-चार मीटर जमीन तेवढी बेल्जियमची.

दुसऱ्या महायुद्धात पूल पडले. पुढे मालवाहतूक आटत गेली. १९९० ते २००१ हौशी लोकांनी पर्यटकांसाठी गाड्या चालवल्या, त्याही थांबल्या. मग रूळ निघाले, युरोपीय संघाचा निधी आला आणि २०१३ मध्ये तीन देशांनी मिळून सायकलवाट खुली केली. बेल्जियमच्या वालोनिया प्रांतात १९९५ पासून जुने रेल्वेमार्ग आणि कालव्याकाठच्या वाटा जोडून मोटारमुक्त जाळं उभारणं चालू आहे. त्याला ते राव्हेल म्हणतात. फेनबानचा बेल्जियममधला भाग त्याच जाळ्यातला.

स्वस्तात सुटणारी चूक

निघण्याआधी चार आठवडे आम्ही फक्त रोथे एर्डे ते ब्रांड आणि पुढे कोर्नेलिम्युन्स्टर एवढाच टप्पा घोकला. वाट रोथे एर्डे स्टेशनाच्या मागूनच सुरू होते. मी आईसाठी आठवड्याच्या भाड्याने एक साधी सात गिअरची सायकल घेतली. दांडी खाली असलेली, साखळीवर पूर्ण झाकण असलेली, म्हणजे सलवार अडकायची भीती नाही. ओढणी तिने कमरेला गच्च बांधली.

दुकानदाराने एक गोष्ट सांगितली नाही आणि माझ्याही लक्षात आली नाही. इकडच्या पुष्कळ सायकलींना पायडलचा ब्रेक असतो. पायडल मागे फिरवलं की मागचं चाक आवळलं जातं. आपल्याकडे निघताना पायडल मागे फिरवून हव्या त्या जागी आणायची सवय असते, आणि चालवताना मधूनच उलटं पायडल मारायचा चाळाही असतो, तो टिकटिक आवाज ऐकायला. आईच्या पायांना चाळीस वर्षांनी पहिली आठवण झाली ती नेमकी त्या चाळ्याची. ब्रांडच्या अलीकडे, चांगल्या वेगात असताना, तिने उलटं पायडल मारलं. सायकल जागच्या जागी गोठली आणि आई शेजारच्या गवतात आडवी झाली. गुडघा सोलवटला. मागून येणारे एक आजोबा थांबले, त्यांनी सायकल उचलली, साखळी बघितली, पायडल फिरवून दाखवलं आणि हसून पुढे गेले.

दुसरी चूक बाजूची. इथे उजवीकडून चालवायचं. समोरून घंटी वाजली की आई नकळत डावीकडे सरकायची, म्हणजे थेट समोरच्याच्या अंगावर. पहिल्या आठवड्यात असं निदान पाच-सहा वेळा झालं. समोरचा माणूस वेग कमी करायचा, कडेला व्हायचा, 'मॉर्गन' म्हणायचा. आई 'मॉर्गन' म्हणायची आणि मला म्हणायची, "पुन्हा चुकलं माह्यं."

या दोन चुका मी मुद्दाम सविस्तर लिहिल्या, कारण सगळं प्रकरण त्यांच्यात आहे. याच चुका आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर झाल्या असत्या तर? मोटार नसलेल्या वाटेचं कौतुक करताना लोक शांतता, हिरवाई, स्वच्छ हवा यांच्याबद्दल बोलतात. ते सगळं खरं आहे. पण नवशिक्याला किंवा चाळीस वर्षांनी परत शिकणाऱ्याला तिथे मिळतं ते वेगळंच : चुकायची मुभा. गुडघा सोलवटण्यावर चूक भागते. आणि चुकल्याशिवाय पायडलचा ब्रेक अंगवळणी पडत नाही. रस्त्यावर आई चुकत नव्हती, कारण ती चालवतच नव्हती.

एक टक्का, आठ टक्के

जूनमध्ये निघालो. या दिवसांत इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नव्हती. सामान माझ्या सायकलवर. पहिल्या दिवशी कोर्नेलिम्युन्स्टर, वालहाइमच्या चुन्याच्या जुन्या भट्ट्या, रारेनचं स्टेशन, मग रोटगेन, असे सुमारे तेवीस किलोमीटर. मधे उंच दगडी कमानींचे रेल्वेपूल लागतात. पुलावर आई थांबली, खाली डोकावली आणि म्हणाली, "एवढं खोल उतरून पुन्हा चढाव लागलं असतं नं?"

तिने नकळत वर्मावर बोट ठेवलं होतं. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने चालतं. म्हणून तर एक इंजिन शेकडो टन खनिज ओढू शकतं. पण त्याच कारणाने ते चढावर घसरतं. त्यामुळे रेल्वे टाकणाऱ्यांना डोंगराशी तडजोड करता येत नाही. दरी आली की पूल किंवा भराव, उंचवटा आला की खोदून काढायचा, नाहीतर वळसा घालायचा. फेनबानचा चढ कुठेही दोन टक्क्यांच्या आसपासच थांबतो. आखेनपासून कोन्त्सेनच्या माथ्यापर्यंतची सरासरी काढली तर एक टक्का भरते, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर.

आई आणि सायकल मिळून वजन साधारण ७५ किलो धरू. एक टक्का चढावर तिला मागे ओढणारं बळ म्हणजे पाऊण किलोचं वजन. दोन टक्क्यांवर दीड किलो. इथल्या गावांतल्या डांबरी रस्त्यांना आठ टक्क्यांचा चढ सहज असतो, तिथे तेच सहा किलो होतं. पाऊण किलो दिवसभर ओढता येतं. सहा किलो पाच मिनिटांत दम काढतं. वाऱ्याचा आणि चाकाचा विरोध वेगळा, पण तो सपाटीवरही असतोच. डोंगर किती उंच हे फारसं महत्त्वाचं नाही, तो तुमच्याकडून एका वेळी किती मागतो हे महत्त्वाचं. आईला रोटगेनला पोचल्यावर मी सांगितलं, की आपण सकाळपासून दोनशेहून जास्त मीटर चढलो. तिचा विश्वास बसेना. "चढ होता कुठं?"

मुलाला मात्र या बेताच्या चढाचा कंटाळा आला. त्याला उतारावर सोडून द्यायची सायकल हवी होती. एका वाटेने सगळ्यांचं मन राखणं होत नाही.

दुसऱ्या दिवशी रोटगेनहून लामर्सडॉर्फकडे जाताना कुरणातून सिमेंटच्या सुळक्यांच्या रांगा दिसू लागल्या. रणगाडे अडवायला हिटलरच्या काळात उभारलेली तटबंदी. गाई त्यांच्यामधून चरत असतात, काही सुळक्यांवर शेवाळं, काहींमधून झाडं उगवलेली. रोटगेन हे अमेरिकन सैन्याने घेतलेलं पहिलं जर्मन गाव, १२ सप्टेंबर १९४४ ला. आईने एका सुळक्यावर हात ठेवून बराच वेळ बघितलं. मुलगा त्यांच्यावर चढायला धावला, त्याला तिने हाक मारून खाली उतरवलं.

मोन्शाउची संध्याकाळ

आता चुकीकडे येते. ती माझी.

मोन्शाउ हे रूर नदीच्या काठचं फार सुंदर जुनं गाव आहे. लाकडी चौकटींची घरं, पाटीच्या दगडाची छपरं, मधून वाहणारी नदी. मी खोली मुद्दाम जुन्या गावात, नदीशेजारी घेतली. नकाशावर वाटेपासूनचं अंतर थोडंच दिसत होतं. पण रेल्वे दरीत उतरत नाही, ती वरच्या कडेने जाते, हे तर मी आदल्याच दिवशी आईला समजावून सांगितलं होतं! मोन्शाउचं स्टेशन वर, गाव खोल दरीत. मधे वळणांचा, मोटारींचा रस्ता.

संध्याकाळी पाचला आम्ही वाट सोडली. पहिल्याच वळणावर मागून मोटारींची रांग लागली. आईने दोन्ही ब्रेक आवळून धरले, शिवाय पायडलही मागे दाबलं, आणि सायकल थरथरायला लागली. ती उतरली. उतारावर सायकल हातात धरून चालणं चालवण्यापेक्षा अवघड असतं, सायकल पुढे पळते. रस्त्याला तिथे फुटपाथ नव्हता. मी पुढे, मुलगा मधे, आई मागे, असे आम्ही गटाराच्या कडेने उतरलो. मला तिच्याशी वळून बोलताही येत नव्हतं. खाली पोचलो तेव्हा तिचे तळहात लाल झाले होते आणि हाताची बोटं वळत नव्हती.

जेवताना ती गप्प होती. मग म्हणाली, "उद्या हेच चढून जायचं हाये नं? मी गाडीनं वापस जातो. तू बसचं पाय." ('पाय' म्हणजे बघ.) तिचा आवाज घरासमोरची बस गेल्यानंतर होता तसाच होता. दोन दिवसांत चाळीस किलोमीटर चालवून कमावलेलं सगळं दीड-दोन किलोमीटरमध्ये गेलं.

हे प्रकरण मी नंतर अनेकदा मनात घोळवलं. वाटेने तिला दगा दिला नव्हता. वाट जिथे संपते त्या कडेने दिला. आणि सहलीची आखणी करताना आपण सगळे तेच बघत नाही. वाटेचे फोटो, वाटेची लांबी, वाटेवरची प्रेक्षणीय ठिकाणं सगळीकडे लिहिलेली असतात. जेवायला, झोपायला, दुरुस्तीला, डॉक्टरकडे जायला वाट सोडून किती खाली उतरावं लागेल आणि त्या रस्त्यावर मोटारी किती, हे कुठे लिहिलेलं नसतं. १२५ किलोमीटरची वाट मोटारमुक्त असली तरी सहल मोटारमुक्त नसते.

आणखी एक कच्ची बाजू त्या रात्री कळली. रूळ उखडूनच ही वाट झाली, त्यामुळे मधे कुणी थकलं तर परतायला रेल्वे नाही. गाडी मिळते ती दोन टोकांना, आखेनला आणि त्रुआव्हिएर्जला. मधल्या शंभर किलोमीटरमध्ये बसवर अवलंबून राहावं लागतं, आणि बसमध्ये तीन सायकली घेतीलच याचा भरवसा नाही.

सकाळी घरमालकीणबाईंनी आमची पंचाईत ओळखली. त्यांच्या मुलाची मालाची व्हॅन होती. त्याने सायकली मागे टाकल्या आणि आम्हाला वर वाटेवर आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत. आईने त्याला पिशवीतले शंकरपाळे दिले.

मी तिला म्हटलं, "फक्त पुढच्या गावापर्यंत. नाही वाटलं तर तिथून टॅक्सी." ती बसली. शंभर मीटर गेल्यावर मागे वळून तिने मुलाला विचारलं, "येतं का रे मागं?"

आकड्यांवर चालणारी आजी

काल्टरहेर्बेर्गच्या आसपास घरांना बीचच्या झाडांची कुंपणं आहेत, छपराइतकी उंच, एकसारखी कातरलेली. पश्चिमेकडून येणारा वारा आणि पाऊस अडवायला पिढ्यान्‌पिढ्या राखलेली. पुढे सुरब्रोटकडे जाताना डावी-उजवीकडे फेनचा माळ उघडा होतो. ओलं, पिवळट गवत आणि मधूनच कापूसगवताचे पांढरे गोंडे. विदर्भातल्या बाईने ते पाहिल्यावर जे म्हणायचं तेच आई म्हणाली, "हे तं पऱ्हाटी फुटल्यासारखं दिसते." ती उतरून एक गोंडा जवळून बघून आली. तोडला नाही. त्यात सरकी नाही, याचं तिला वाईट वाटलं.

मग धुकं आलं, पाठोपाठ पाऊस. जूनमध्ये आम्ही स्वेटर घातले. "चिखलदऱ्यासारखं झालं," आई म्हणाली. आडोशाला थांबलो तेव्हा मी तिला इथल्या कॉफीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कॉफीवर जबरदस्त कर होता आणि बेल्जियममध्ये ती स्वस्त होती. मग या माळावरून रात्री पाठीवर पोती टाकून माणसं, अगदी पोरंसुद्धा, सीमा ओलांडायची. गोळीबार व्हायचा, माणसं मरायची. १९५३ मध्ये जर्मनीने कर उतरवला आणि तो धंदा बसला. चिखलदऱ्यालाही कॉफी होते, त्यामुळे आईला गोष्टीत रस वाटला. पोरांच्या पाठीवर किती किलो द्यायचे, हे तिने दोनदा विचारलं. मला सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून आई पुढे चालवू लागली. याला एक कारण झालं. पूर्व बेल्जियममध्ये सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्याला क्रमांक दिलेला आहे. पाटीवर तुम्ही उभे आहात तो क्रमांक आणि पुढचे क्रमांक बाणांसह. सकाळी कागदावर आकडे लिहून घ्यायचे आणि एकेक गाठत जायचं, गावांची नावं वाचायची गरजच नाही. ही पद्धत बेल्जियमच्याच लिम्बुर्ग प्रांतात १९९५ मध्ये सुरू झाली. तिची कल्पना ह्युगो बोलेन या खाणीतल्या अभियंत्याची. आईला जर्मन येत नाही, फ्रेंच येत नाही. आणि या वाटेवर भाषा सारख्या बदलतात : रोटगेनला जर्मन, वेमला फ्रेंच, झांक्ट फिटला परत जर्मन, शेवटी लक्झेंबर्गिश. पण आकडे येतात. मी सकाळी ते मराठीत लिहून द्यायचे, ती चिठ्ठी ओढणीच्या गाठीत ठेवायची. फाट्यावर थांबून चिठ्ठी काढायची, पाटी बघायची आणि हात करायची. या भागात येईपर्यंत ती आमच्या मागून येत होती. इथून आम्ही तिच्या मागून गेलो.

रस्ता आडवा येतो तिथे मात्र सायकलवाल्यानेच थांबायचं असतं, आणि फेनबानवर असे रस्ते वारंवार येतात. आई प्रत्येक ठिकाणी पूर्ण उतरायची, दोन्हीकडे बघायची आणि सायकल हातात धरून ओलांडायची. मागच्या लोकांना थांबावं लागायचं. मी तिला कधी घाई केली नाही. मोन्शाउनंतर ती मुभा तिची होती.

वेमला आणि झांक्ट फिटला खोल्या वाटेच्या अगदी शेजारी शोधल्या. मूळचं झांक्ट फिटमधलं बुकिंग मी फोन करून बदललं, थोडे पैसे बुडाले. झांक्ट फिट डिसेंबर १९४४ च्या बॉम्बफेकीत जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं होतं, त्यामुळे गाव नवं दिसतं. आम्ही तिथे फक्त झोपलो.

वटवाघळांचा बोगदा

शेवटच्या दिवशीचा टप्पा सर्वांत लांब, जवळपास चाळीस किलोमीटर. दरीतून, बुर्ग-रॉयलांडच्या पडक्या किल्ल्याखालून. लक्झेंबर्गच्या सीमेजवळ लेंगेलेरला रेल्वेचा जुना बोगदा आहे. तो आता वटवाघळांसाठी राखून ठेवलाय, म्हणून सायकलवाट तिथे रेल्वेची पट्टी सोडून टेकडीवरून जाते.

चार दिवस ज्या चढाची चाहूलही लागली नव्हती तो तिथे एकदम अंगावर आला. आई उतरली, मीही उतरले. सहा किलोचं गणित पायांनी सोडवून दाखवलं. पण मोन्शाउचा चढ-उतार आणि हा, यांत एक फरक होता : इथे मागे मोटारींची रांग नव्हती. आई सायकल ढकलत, थांबत, पाणी पीत, रस्त्याकडेची रानफुलं मुलाला दाखवत चढली. दोन्ही ठिकाणी ती चालतच होती. एका ठिकाणी तिला परत जावंसं वाटलं, दुसऱ्या ठिकाणी वाटलं नाही. चढ आणि मोटारी यांतलं एकच काहीतरी असेल तर नवखं माणूस निभावून नेतं. दोन्ही एकत्र आले की नाही.

म्हणून कुणी आई-वडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन अशा वाटेवर जाणार असेल, तर मी एवढंच सांगीन : वाटेचा नकाशा नंतर बघा. आधी मुक्काम वाटेपासून किती खाली आहे ते बघा, आणि तिथे पोचायचा रस्ता कसा आहे ते कुणाला तरी फोन करून विचारा. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर पुरेत. भाड्याच्या सायकलचा ब्रेक कुठला, हे दुकानातच फिरवून बघा.

कारंजाहून मूर्तिजापूरला मामाकडे जायला आईच्या लहानपणी 'शकुंतला' होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर, छोटे रूळ, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन. आता ती बंद आहे. वाटेत मुलाने विचारलं, की मग तिथेही अशी सायकलवाट का करत नाहीत? आई पटकन म्हणाली, "नाही बाप्पा. लोकाईले गाडी पायजे." तिचं म्हणणं मला पटतं. शकुंतला ब्रॉडगेज व्हावी ही तिथल्या लोकांची जुनी मागणी आहे, आणि जिथे माणसांना जायला-यायला गाडी नाही तिथे रुळांवर सायकलवाट मागणं बरोबर नाही. मोन्शाउच्या रात्री गाडी नसण्याची किंमत आम्ही एकदाच मोजली, त्यांना ती रोज मोजावी लागते.

त्रुआव्हिएर्जला स्टेशनावर पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतुकीला तिकीटच नाही. ते आईला पटेना, ती खिडकी शोधत फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आली. रात्र लक्झेंबर्ग शहरात काढून दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने घरी परतलो.

सायकल परत करायला अजून दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई घरात नव्हती, सायकलही नव्हती. अकरा वाजता आली. आमच्या घरापासून रोथे एर्डेपर्यंत ती सायकल हातात धरून फुटपाथवरून चालत गेली होती. तिथे वाटेवर बसून कोर्नेलिम्युन्स्टरपर्यंत एकटीने चालवून आली, आणि परतताना पुन्हा स्टेशनापासून घरापर्यंत चालत. पिशवीत तिथल्या बेकरीतले चार पाव होते.